चोरओटी

हे ऐकून पंचक्रोशीतलं एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवला तरी माझं काही अडत नाही. कोयता माझ्या कपाळावर बसलाय, तुमच्या नव्हे. ही खूण बघा. बोट लावून बघ रं जोतिबा, लाजू नगं. जिच्यासाठी हा घाव खाल्ला, ती बाई तिकडं कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलीय. अंजनाबाई. जन्मभर नर्स म्हणून राबली, आता भाचीच्या लग्नाला गावात आलीय. पण तिला काही विचारू नका. ती त्या वेळी बेशुद्ध होती.

साल त्रेचाळीस. सातारा-सांगलीकडं तेव्हा कोण कुणाला कुठं गाठून तुडवील याचा नेम नव्हता. फितुराच्या तळपायावर काठ्या पडायच्या, आणि मागून पोलीस आले की उरलेल्या गावाच्या पाठीवर. मार म्हणजे आमची न्याहारी. त्या दिवसांत अंजना सांगलीच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष. परीक्षा महिन्यावर आलेली आणि पोटात पाचवा महिना.

म्हसवडचा अर्जुना म्हणून फौजेतला शिपाई होता. सिद्धनाथासमोर दोघांनी एकमेकांना माळ घातली, घरी कुणाला सांगितलं नाही, आणि आठवड्यात त्याची पलटण ब्रह्मदेशाकडं गेली. तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. दवाखान्याचा नियम असा की शिकणाऱ्या पोरीनं लग्न करायचं नाही, मूल तर नाहीच. अंजना पोटावर पट्टी आवळून बांधायची, वरून ढगळ झगा. तिचं एकच मागणं होतं: पोट बोलायच्या आधी परीक्षा व्हावी. नर्स झाली की पोराला स्वतःच्या हातानं खायला घालता येणार होतं.

पण बातमी गावात पोचली. कुणाच्या तोंडून, ते सोडा. तिचा थोरला भाऊ आकाराम उठला तो बायकोला, बनुबाईला घेऊन थेट सांगलीला आला. दारावरच्या माणसाला म्हणाला, बहिणीला भाकरी-चटणी आणलीय. बहिणीला म्हणाला, "केलंस ते केलंस. पाचवा हाय, चोरओटी भरून जातो. कुणाला कळाया नगं."

चोरओटी म्हणजे पोट दिसायच्या आधी, दार लावून, गुपचूप भरायची ओटी. अंजनानं दवाखान्याच्या मोठ्या बाईंवरही विश्वास टाकला नव्हता, पण माहेरची ओटी म्हटल्यावर विरघळली. मागच्या बाजूला हत्यारं उकळायची खोली होती, तिथं तीच त्यांना घेऊन गेली आणि कडीही तिनंच लावली. अशी चूक आपल्याच बाया करणार.

ओटी घ्यायची म्हणजे दोन्ही हातांनी पदर पसरायचा आणि मान खाली घालायची. मारायला याहून सोयीचं माणूस दुनियेत मिळत नाही. पाटीत तांदूळ, खण, नारळ. आणि तांदळाखाली ऊस तोडायचा कोयता. पाटी डोक्यावर घेऊन एक गडी आला होता, त्याचं नाव आता आठवत नाही. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

बनुबाईनं ओटी भरायला घेतली. पदरात नारळ टाकता टाकता ती पुटपुटली, "वन्सं, मान वाकवू नगासा."

अंजनानं वर बघितलं, म्हणून वाचली. कोयता मानेवर यायचा तो तिनं उचललेल्या हातावर आला. डाव्या हाताची दोन बोटं तांदळात पडली आणि तांदूळ तांबडे झाले.

"नवऱ्याचा पत्ता न्हाई आन् पोट घिऊन हिंडतीस," आकाराम म्हणाला आणि त्यानं पुन्हा कोयता उचलला.

"मारायचं तर परीक्षा झाल्यावर मार," अंजना म्हणाली. आणि पडली बेशुद्ध.

आता मी. पोटाच्या दुखण्यानं मी पलीकडच्या वार्डात पडून होतो. आवाज ऐकला आणि दार शोधत बसलो नाही, भिंतीतूनच आलो. दुसरा घाव या कपाळावर घेतला, कोयता वाकला. आकारामची मान धरून त्याला भिंतीवर असा आपटला की तीन दात उडाले. त्यातला एक दाराच्या चौकटीत रुतून बसला. मोठ्या बाई पुढं कैक वर्षं त्याच्यावर टोपी अडकवत. रक्ताचा ओघळ थेट कृष्णेच्या घाटावर गेला. त्याच्या वासानं एक मगर खिडकीपर्यंत चढून आली, आकारामचं तोंड बघितलं आणि उपाशी परत गेली. बनुबाईनं उकळतं पाणी नवऱ्याच्या पायांवर ओतलं म्हणतात, पण त्यात काही विशेष नाही. तो मरेपर्यंत पाय ओढत चालला, तो माझ्याच लाथेनं. उकळायच्या भांड्याचं जाड झाकण तेवढं कोपऱ्यात चेपून पडलं होतं. ते कशानं चेपलं, देव जाणे.

मोठ्या बाई धावत आल्या. अंजनाची पट्टी सुटली होती, पोट उघड्यावर आलं होतं. बाईंनी तिचा हात बांधला, पोटावर कान ठेवला, बराच वेळ ऐकलं. मग सगळ्यांना म्हणाल्या, "हिला काढलं तर त्या कोयत्याखालीच पाठवल्यासारखं होईल. परीक्षा होईपर्यंत मला काही दिसलेलं नाही."

अंजना पास झाली. पोरगी झाली, ती त्याच दवाखान्यात. पुढं ब्रह्मदेशातनं अर्जुनाही आला. एवढं सगळं कशामुळं झालं? तर ह्या कपाळामुळं.

"आबा," जोतिबा म्हणाला, त्याचं बोट अजून माझ्या कपाळावरच होतं, "हे गोल लागतंय की."

तिकडं शेंगा फोडायचा आवाज थांबला. अंजनाबाईनं डाव्या हाताच्या तीन बोटांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"कोयत्याचा घाव सरळ जातो, गुंडाभाऊ," ती म्हणाली. "तुमचा गोल हाय. दार सोडंनासा, म्हणून ते झाकण मी घातलंय तुमच्या कपाळात. मी बेशुद्ध कवा पडले? आता पोरास्नी सांगा की, ती पाटी कुणाच्या डोक्यावर हुती."