महेंद्रला वॉर्न केलंय

शहाण्णव साल सरत आलं होतं. हरिबा दुकानदार सांजचा आला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, "आक्काताई, महेंद्रचा फोन आला व्हता दुकानात. दिल्लीच्या परेडीसाठी वॉर्न केलंय म्हणाला, आन् लाईन कटली."

माझी लेक पायल तेव्हा कराडच्या कॉलेजात होती. तिचा चेहराच पडला. "आई, वॉर्न म्हंजे ताकीद. आमच्यात हजेरी कमी भरली की बोर्डावर वॉर्निंग लागती. परत लागली की नाव कमी."

इंग्रजीला धाक दाखवायची खोडच आहे. विजेच्या डीपीवर कवटी आणि खाली इंग्रजी, औषधाच्या बाटलीवरही तेच. पण माझ्या लेकाला ताकीद? नदीकाठी धावून धावून लष्करात भरती झालेलं पोर ते! मला काही पटेना.

त्याच्या वडलांना मात्र लगेच पटलं. "पाय चुकला असंल परेडीत. म्या सांगितलं व्हतं, लष्कर त्येला झेपायचं न्हाई." पोराचं कौतुक त्यांनी जन्मात केलं नव्हतं. आता तर लोक विचारतील म्हणून ते पारावरही जाईनात.

शेवटी माझं डोकं फिरलं. "चला कराडला, पोरालाच इचारू. चुकला असंल तर कान धरीन, पर ऐकीव गोष्टीवर मी मान खाली घालणार न्हाई."

एसटीडी बूथमधून पायलने पलटणीचा नंबर लावला. बऱ्याच वेळाने महेंद्र आला. "जय भीम, आई!" आवाज कसा खणखणीत.

"ताकीद का दिली रं तुला?"

तो हसतच सुटला. "अगं, पलटणीत वॉर्न म्हंजे ड्युटी लागली, तयार ऱ्हा! सव्वीस जानेवारीच्या परेडीला निवडलंय मला."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "शीक आता हे बी इंग्रजी," असं पायलला म्हणून मी रिसीव्हर यांच्या हातात दिला. पलीकडून महेंद्रचा आवाज मला ऐकू येत होता.

"बाबा, टीव्हीवर बघा. पर समदी एकसारखीच दिसत्याल. मी वळखू येईन का?"

यांचे डोळे भरले होते, तरी आवाज चढलाच. "हजारात वळखीन! तुला चालाय म्या शिकीवलंय."