‘चालेल’चा रकाना

आपल्या घरांमधून बायकोचं मत घेण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी निर्णय घ्यायचा, मग तो जाहीर करायचा आणि शेवटी ‘चालेल ना?’ एवढं जोडायचं. विचारणाऱ्याला विचारल्याचं समाधान मिळतं, उत्तर काय येणार ते दोघांनाही ठाऊक असतं आणि चहा गार व्हायच्या आत विषय संपतो. ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहणाऱ्या गुरुनाथरावांच्या घरी ही पद्धत छत्तीस वर्षं बिनबोभाट चालू होती.

गुरुनाथराव वाईट नवरा होते, असं कुणी समजू नये. आवाज चढवणं नाही, हिडीसफिडीस नाही. सकाळचा चहा ते स्वतः करत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलायला सगळ्यांत पुढे असत. पुण्याचा फ्लॅट, मग न्यू जर्सीत एडिसनचं अपार्टमेंट, मग डब्लिनचं हे चार बेडरूमचं घर, प्रत्येक वेळी त्यांनी शुभाताईंना ‘चालेल ना?’ असं विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी शुभाताई ‘चालेल’ म्हणाल्या होत्या. आमच्याकडे सगळं दोघांच्या मताने होतं, असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता.

या वर्षी ते कंपनीतून निवृत्त झाले. मुलगी कादंबरी ॲन आर्बरला संशोधन करत होती, शुभाताईंचे गुडघे जिन्यावर कुरकुरत होते आणि चारांतल्या तीन बेडरूम नुसत्या झाडायला उरल्या होत्या. लहान घरात जायचं ठरलं. गुरुनाथरावांनी दोन महिने इंटरनेट पालथं घातलं आणि मॅन्युफॅक्चर्ड होम घ्यायचं नक्की केलं. असलं घर जागेवर बांधत नाहीत. डीलरकडे जाऊन आपल्याला हवं ते निवडायचं, ते कारखान्यात तयार होतं, दोन भागांत ट्रकमागून रस्त्याने येतं आणि आपण सांगू तिथे बसवून मिळतं. एकमजली, आटोपशीर, नवंकोरं. कल्पना चांगली होती आणि शुभाताईंनाही ती मनापासून आवडली होती.

घोडं अडलं ते ‘आपण सांगू तिथे’ या शब्दांवर. गुरुनाथरावांनी जागाही शोधून ठेवली होती. डब्लिनपासून सव्वा तासावर, टेकड्यांमधल्या जंगलात, दोन एकर. ऐन पानगळीत एका रविवारी ते शुभाताईंना तिथे घेऊन गेले.

“पहाटे उठशील तेव्हा अंगणात हरणं दिसतील बघ,” ते म्हणाले. “ना ट्रॅफिक, ना कुणाची कटकट. चालेल ना?”

शुभाताईंनी चौफेर पाहिलं. एकही घर दिसत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी शिकताना शेजाऱ्यांचा मेलबॉक्स आडवा केल्यापासून त्यांनी तो नाद सोडला होता. डब्लिनमध्ये त्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. दर रविवारी मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवायची, मंगळवारी आणि गुरुवारी लायब्ररीत पुस्तकं लावायची, रोज संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडच्या वीणाबरोबर चालायला जायचं. या जंगलात यातलं काहीच उरणार नव्हतं. नवऱ्याने नेलं तर जायचं, नाहीतर हरणं बघत बसायचं. तरी त्यांच्या तोंडातून आलं, “चालेल.”

जमिनीच्या कागदांवर सह्या व्हायला तीन आठवडे होते. त्याआधी घराची ऑर्डर द्यायची म्हणून दोघं एका शनिवारी डीलरकडे गेले. हायवेला लागून मोठं मैदान आणि त्यात सात-आठ नमुन्याची घरं, तात्पुरत्या लाकडी पायऱ्या लावून उभी केलेली. तिथे अपर्णा काम करत होती. मूळची नागपूरची, चाळिशीतली, आयटीतली नोकरी गेल्यावर इकडे आली आणि रमली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा नंबर मिळाला होता.

“या काका, या काकू. ट्रॅफिक लागलं का?” म्हणत तिने दोघांना बसवलं आणि अकरा पानांचा फॉर्म पुढे ठेवला. “हे सगळं फिल करून मी फॅक्टरीला पाठवते. एकदा साइन केलं की काही चेंज होत नाही, म्हणून सावकाश करू. कॅबिनेट्सचा कलर?”

गुरुनाथरावांच्या टॅबलेटमध्ये सगळी उत्तरं तयार होती. “डार्क ग्रे. शुभा, चालेल ना?”

“चालेल.”

“शेगडी गॅसची की इलेक्ट्रिक?”

“इलेक्ट्रिक. मेंटेनन्स कमी. चालेल ना?”

“चालेल.”

“ओट्याची हाइट?”

“स्टँडर्ड,” गुरुनाथराव म्हणाले, आणि ते पुढचं विचारायच्या आतच शुभाताई म्हणाल्या, “चालेल.”

अपर्णाने पेन खाली ठेवलं. “काकू, रागावू नका हं. या फॉर्मवर ‘चालेल’ असा रकाना नाही. मी काय लिहू?”

शुभाताई हसल्या. “अगं, मला खरंच काहीही चालतं.”

“तेच लिहायला जागा नाही ना, काकू.”

गुरुनाथरावांना हे जरा झोंबलं. “अपर्णा, मी प्रत्येक गोष्ट हिला विचारून करतो. आत्ता तुझ्यासमोरच विचारतोय.”

“विचारताय काका, दिसतंय मला. आमचे बाबापण विचारायचे.” अपर्णा खुर्चीत मागे टेकली. “त्यांनी नागपूरला घर बांधलं. आमच्या घराण्यातलं पहिलं पक्कं घर. बाबा शाळेत हेडमास्तर, विहारात बायकांच्या हक्कांवर भाषणं द्यायचे. त्यांनी प्लॅन आईपुढे ठेवला आणि म्हणाले, किचन मागच्या बाजूला घेतलंय, चालेल ना? आई म्हणाली, चालेल. त्या किचनला खिडकीच नव्हती. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. सव्वीस वर्षं ती तिथे पोळ्या लाटत होती. बाबा गेले, आणि दीड महिन्यात तिने गवंडी बोलावला, भिंत फोडली आणि खिडकी काढून घेतली. मी म्हटलं, आई, बाबांना सांगितलं असतंस तर त्यांनी एका दिवसात करून दिली असती. तर म्हणते कशी, त्यांनी कुठे विचारलं काय हवं म्हणून? चालेल का विचारलं, मी चालवून घेतलं.”

गुरुनाथरावांनी टॅबलेट बाजूला ठेवला.

“बाबांना हे कधी कळलंच नाही, याचंच मला वाईट वाटतं,” अपर्णा म्हणाली. “त्यांना किती लागलं असतं. काका, ‘चालेल ना’ला ‘नाही’ म्हणायचं तर माणसाला भांडायला उभं राहावं लागतं. ‘काय हवं’ विचारलं तर नुसतं उत्तर द्यायचं असतं. आणि भांडायचं नसतं म्हणून आपल्या बायका चालवून घेतात. चूक त्यांचीपण असते, नाही असं नाही.”

गुरुनाथराव थोडे अवघडले, पण खुर्ची वळवून बायकोकडे बघत म्हणाले, “बरं. शुभा, तुला काय हवंय?”

शुभाताईंनी तोंड उघडलं. त्यांनी फॉर्मकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग स्वतःच्या हातांकडे. त्यांचे डोळे भरून आले. “मला माहीत नाही हो,” त्या म्हणाल्या. “मला काही सुचतच नाहीये.”

गुरुनाथराव घाबरले. शंभर माणसांच्या पंगतीचा अंदाज जिचा कधी चुकला नाही, ती बाई आपल्याला काय हवं ते सांगू शकत नव्हती.

अपर्णाने फॉर्म उचलून शुभाताईंच्या हातात दिला. “घरी न्या काकू. पुढच्या शनिवारी या. आणि पेन्सिल तुमच्याच हातात राहू द्या.”

फॉर्म घरी येऊन जेवणाच्या टेबलावर पडला. रविवारी कोरा, सोमवारीही कोरा. मंगळवारी सकाळी गुरुनाथराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. इतकी वर्षं या वेळी ते ऑफिसात असत. शुभाताई पोळ्या लाटत होत्या, पाटावर उभ्या राहून.

“पाटावर का उभी आहेस?”

“ओटा उंच आहे. खांदे भरून येतात.”

“कधीपासून?”

“एडिसनपासून. बावीस वर्षं झाली असतील.”

तो पाट गुरुनाथरावांनी रोज पाहिला होता. तो पूजेचा आहे आणि जागा नाही म्हणून इथे ठेवलाय, अशी त्यांची समजूत होती. ते तडक गॅरेजमध्ये गेले, मोजपट्टी घेऊन आले, बायकोला जमिनीवर उभं केलं आणि तिच्या कोपरापर्यंतची उंची मोजली. त्या दिवशी फॉर्मवर पहिली नोंद झाली. ओटा चौतीस इंच.

मग मात्र पेन्सिल थांबेना. फुलके फुगवायला गॅसची शेगडी. फोडणीचा धूर थेट बाहेर टाकणारा पंखा. न्हाणीघरात बसायला कट्टा. कॅबिनेट्स पिवळी. पिवळा रंग पचवायला गुरुनाथरावांना दोन दिवस लागले, पण त्यांनी तो पचवला. रोज संध्याकाळी ते नवी पानं वाचत आणि मनात चकित होत. हिला इतकं सगळं हवं होतं, आणि आपल्याला वाटत होतं की हिला काहीच लागत नाही.

शेवटचं पान मात्र कोरं राहिलं. त्यावर एकच ओळ होती, घर बसवण्याची जागा. शुक्रवारी शुभाताईंनी बाथरूमचं दार लावून कादंबरीला फोन केला.

“आई, जस्ट टेल हिम,” कादंबरी म्हणाली. “ही इज नॉट गोइंग टु बाइट.”

“इंग्लिशमध्ये सगळं सोपं असतं गं तुझं,” शुभाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शनिवारी अपर्णा एकेक पान उलटत गेली. शेवटचं पान आलं.

“हां, तो ॲड्रेस मी देतो,” म्हणत गुरुनाथरावांनी टॅबलेट पुढे ओढला. “शुभा, चाले…”

शब्द अर्ध्यावर थांबला. त्यांनी टॅबलेट पालथा घातला आणि सावकाश, नवीन भाषा बोलत असल्यासारखं विचारलं, “शुभा, तुला कुठे राहायचंय?”

“तिथे नको,” शुभाताई म्हणाल्या.

गुरुनाथरावांचा चेहरा उतरला. “मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी दोन आठवड्यांत सही करणार होतो!”

“तुम्ही किती खुशीत होतात. आणि विचारलंत ते ‘चालेल ना’ असंच विचारलंत.” त्या आता थांबत नव्हत्या. “अहो, मला गाडी येत नाही. तिथे मी तुम्ही न्याल तेव्हाच बाहेर पडणार. माझी शाळा जाईल, लायब्ररी जाईल, वीणा जाईल. मला हरणं नकोत. मला माणसं हवीत.”

गुरुनाथरावांना राग आला होता, आणि तो नक्की कुणाचा आलाय हे त्यांना हळूहळू कळत होतं. आपण म्हातारपणाचं इतकं सुंदर चित्र रंगवलं आणि त्यात आपल्या माणसाला कोंडून ठेवत होतो! कुणी टोकलं नसतं तर पुढची वीस वर्षं आपल्याला पत्ताही लागला नसता.

“मला ते जंगल फार आवडलं होतं गं,” ते शेवटी म्हणाले.

“ठाऊक आहे. म्हणून तर तेव्हा बोलले नाही.”

“मग कुठे?”

यावर शुभाताईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. डब्लिनपासून पंधरा मिनिटांवर याच प्रकारच्या घरांची वसाहत होती. फाटकापाशी लायब्ररीकडे जाणारी बस थांबत होती. “गुरुवारी वीणाच्या गाडीतून बघून आले,” त्या म्हणाल्या. “मागे ओढा आहे, थोडी झाडी आहे. तुम्हाला सकाळी तिथे बसता येईल. हरणांचं मात्र मी काही सांगू शकत नाही.”

गुरुनाथराव आधी बघतच राहिले आणि मग मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना असं हसताना शुभाताई बघत होत्या. दुपारी ते दोघं ती वसाहत बघायला गेले. ओढा गुरुनाथरावांना जंगलाइतका नाही, पण पुष्कळच आवडला, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी अपर्णाकडे परत येऊन शुभाताईंनी स्वतःच्या हाताने शेवटच्या ओळीत पत्ता लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या.

वसंतात घर आलं. सकाळी दोन भाग, दुपारपर्यंत एक. महिन्याभरात दोघं राहायलाही गेले. तिथल्या पहिल्या मंगळवारी गुरुनाथरावांनी चहा ओतता ओतता विचारलं, “आज तुला काय करायचंय?” आणि ते थांबले. हे थांबणं त्यांना अजून जड जात होतं. मधेच दोन सूचना त्यांच्या ओठांपर्यंत आल्या, त्या त्यांनी चहाबरोबर गिळल्या.

शुभाताईंनी विचार केला. “लायब्ररीत जायचंय. बसने, एकटीने. तुम्ही सोडायला येऊ नका.”

गुरुनाथरावांचा हात गाडीच्या किल्लीवर गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. शुभाताई पिशवी खांद्याला लावून फाटकापर्यंत चालत गेल्या, वाटेत एका शेजारणीशी दोन शब्द बोलल्या आणि आलेल्या बसमध्ये चढल्या. गुरुनाथराव ओढ्याकाठी खुर्ची टाकून बसले. दोघांचाही दिवस चांगला गेला.

तर वाचकहो, आपल्या घरात सगळ्यांत जास्त वेळा ‘चालेल’ कोण म्हणतं, ते आज बघा. बायको असेल, आई असेल, मुलाकडे येऊन राहिलेले वडील असतील. त्यांना कसलीच आवडनिवड नाही, असं समजू नका. काय हवंय ते विचारा, आणि प्रश्नाच्या शेपटीला ‘ना’ लावू नका. विचारून झालं की थांबा. उत्तर लगेच येणार नाही. फार वर्षांत कुणी विचारलेलं नसतं, म्हणून ते त्यांना शोधावं लागतं.