नानांचा त्रिफळा

माघातलं कोवळं ऊन वेचून झालेल्या कपाशीच्या रानावर पसरू लागलं, की मांडीवर बसलेल्या थापेचा एक खणखणीत आवाज अजूनही माझ्या कानांत उठतो. तो नानांचा शड्डू. क्रिकेटचा सामना शड्डू ठोकून सुरू करणारा पंच धुळे-चाळीसगावच्या टापूत, किंबहुना अवघ्या भूतलावर, दुसरा झाला नसावा.

नाना मूळचे पैलवान. यात्रेतल्या कुस्त्यांचा निकाल त्यांनी द्यावा आणि हरलेल्यानेही तो मुकाट मानावा, अशी त्यांच्या शब्दाची पत होती. देशात विश्वचषक आला, गावोगावची पोरं क्रिकेटच्या नादी लागली, आणि मैदान नानांच्या रानातलं म्हणून पंचगिरीही आपसूक त्यांच्याकडेच गेली. आमची बॅट सुताराने घडवलेली, बाभळीची. ती उचलण्यातच निम्मा फलंदाज खर्ची पडे. पॅड एकच, तो डाव्या पायाला. यष्टिरक्षक मी, आणि हातमोजे माझ्याकडेच असल्याने दोन्ही बाजूंचा; ते आईने गोधडीच्या तुकड्यांत कापूस भरून शिवलेले. यष्ट्यांवरच्या बेल्स नानांनी पहिल्याच दिवशी काढून टाकल्या. त्या वाऱ्याने पडत, आणि वाऱ्याच्या सांगण्यावरून माणसाला बाद देणं त्यांच्या न्यायबुद्धीला मान्य नव्हतं.

खेळाचे नियम ते न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रातून, म्हणजे कानांनीच शिकले होते. शब्दात ‘चीत’ आलं की त्यांच्यातला पैलवान जागा होई. पायचीत म्हणजे चेंडू पायाला लागून फलंदाजाची पाठ जमिनीला टेकणं! गोलंदाज घसा फोडून दाद मागे आणि नाना शांतपणे विचारत, “त्यानी पाठ टेकनी का?” परिणामी आमच्या रानात पायचीत असं कुणी झालंच नाही. त्रिफळाचीतचंही तेच. हिरडा, बेहडा, आवळा तिन्ही असल्याशिवाय त्रिफळा होतो कुठे? एक दांडी पडून दोन उभ्या राहिल्या तर फलंदाज नाबाद. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की उडालेली दांडी फलंदाज स्वतःच उचलून पुन्हा रोवी.

चाळीसगावहून एक संघ खेळायला आला, त्या दिवशी त्यांचा कप्तान हसत म्हणाला, “पंच तुमचे, म्हणजे निकालही तुमचाच.” नानांनी शड्डू ठोकला, पण त्या दिवशी त्याचा आवाज बद्द आला. उभ्या आयुष्यात त्यांच्या इमानावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आणि नशीब असं खट्याळ, की दोन धावा हव्या असताना शेवटची बॅट नानांच्याच मुलाच्या, सुभाषच्या हाती आली. त्याने डोळे मिटून ती फिरवली आणि उजवीकडची दांडी कोलांट्या घेत माझ्या पायाशी येऊन पडली. पाहुणी पोरं नाचू लागली. आमचं गाव ओरडू लागलं, “नाना, दोन उभ्या शेतस! नाबाद!” सुभाष तर दांडी रोवायला वाकलासुद्धा.

नाना जागच्या जागी उभे. मुलाला नाबाद द्यावं तर इमान जातं, बाद द्यावं तर नियम मोडतो. इकडे आड, तिकडे विहीर. कलत्या उन्हात खेळपट्टीभर लांबलेली त्यांची सावली मला अजून दिसते. मग गुडघ्यातली जुनी कळ सांभाळत ते सावकाश चालत आले आणि उरलेल्या दोन्ही दांड्या त्यांनी एकेका थापेने आडव्या केल्या.

“आते व्हयना त्रिफळा,” ते म्हणाले, आणि बोट वर केलं.

कप्तान ओशाळून पुटपुटला, “नाना, एक पडली तरी चालतं हो.”

“तुमनाकडे चालत व्हई. आठे तीन लागतस.”

सामना आम्ही हरलो. सुभाष आठवडाभर बापाशी बोलला नाही. मला मात्र त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की कापसाच्या मोज्यांनीच मी डोळे पुसले.

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा सुभाष भेटला. डोक्याचे केस पिकलेत. वडिलांचा विषय निघाला आणि बोलता बोलता त्याची थाप नकळत मांडीवर पडली. तोच खणखणीत आवाज! तेव्हा वाटलं, देह गेला तरी नानांची आतापर्यंत एकच दांडी पडली आहे. उरलेल्या दोन पाडायला काळालाही कधीतरी असंच, गुडघा सांभाळत, सावकाश चालत यावं लागेल.