पाय धुतले की गोळी

मंगळवार, १४ मार्च २०१७. सकाळचे साडेसात. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या पोर्तो दो सिरीच्या आरोग्यकेंद्रातल्या लांब टेबलावर बासष्ट फॉर्म ओळीने मांडलेले होते, आणि त्या बासष्ट बायकांपैकी रक्तदाब आटोक्यात आलेल्या होत्या अवघ्या सतरा.

लिंदाउरा टेबलाच्या टोकाला बसली होती. फॉर्म तिनेच भरलेले होते. किनाऱ्याच्या वस्तीची आरोग्यसेविका म्हणून गेली एकोणीस वर्षे ती घरोघर फिरत होती. कोणाच्या घरचे कुत्रे चावते आणि कोणाची सासू, हे तिला न विचारता सांगता येत असे.

गेल्या सप्टेंबरपासून चाललेला हा अभ्यास आखला होता परिचारिका झोराइदेने. प्रश्न साधा होता. त्याच वस्तीतली सेविका दर महिन्याला घरी जाऊन गोळ्या मोजते, रक्तदाब घेते आणि पथक आठवड्यातून एकदा एकत्र बसून त्यावर विचार करते, तर वर्षभरात माणसांच्या प्रकृतीत फरक पडतो का? नगरपालिकेने परवानगी देताना एक अट घातली होती. येत्या सप्टेंबरच्या मोजणीत निम्म्याहून अधिक बायकांचा रक्तदाब आटोक्यात आला नाही, तर किनाऱ्यावरच्या घरभेटी बंद होतील, आणि ज्याला गरज असेल त्याने नऊ किलोमीटरवरच्या मोठ्या केंद्रात जावे.

"गोळ्या तर सगळ्या घेतल्यात," डॉक्टर ओतोनिएल म्हणाले. "सहा महिने, बासष्ट घरं, एकही गोळी इकडची तिकडे नाही. म्हणजे हा डोस पुरत नाही. सोमवारपासून दुप्पट करू."

"दुप्पट?" लिंदाउराने विचारले.

"मग काय करायचं? औषध पोटात जातंय आणि दाब हलत नाही."

झोराइदेने मान डोलावली. लिंदाउराने फॉर्म गोळा केले. ते नीट रचण्याच्या निमित्ताने ती एकेक चाळत गेली आणि एर्मिनियाच्या फॉर्मवर थांबली. फेब्रुवारीत एर्मिनिया लेकीच्या बाळंतपणाला साल्वादोरला गेली होती, चांगले नऊ दिवस. गोळ्यांची पिशवी घरी खिळ्यालाच टांगलेली राहिली होती. लिंदाउराने ती स्वतः पाहिली होती. आणि महिनाअखेरीच्या मोजणीत शिल्लक लिहिली होती: शून्य. हस्ताक्षर तिचेच होते.

नऊ गोळ्या गेल्या कुठे?

*

दुपारी दोनला ओहोटी संपून पाणी चढू लागले तेव्हा ती दोना देरिवाल्दाच्या अंगणात पोचली. बाया नुकत्याच खाजणातून, तिवरांच्या चिखलातून, परतल्या होत्या. चुलीवर मोठ्या पातेल्यात वेचून आणलेल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, उकळत होत्या आणि सगळीकडे डिझेलचा वास होता. चिलटे चावू नयेत म्हणून बाया अंगाला तेच चोळत.

देरिवाल्दा बहात्तर वर्षांची होती; सगळे तिला आदराने 'दोना' म्हणत. लिंदाउराच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभी राहिलेली धर्ममाता तीच.

"आशीर्वाद, माई."

"देव भलं करो. आज मोजायचा दिवस नाही, मग का आलीस? कॉफी घेणार ना?"

"एर्मिनियाच्या नऊ गोळ्या कुठे आहेत, माई?"

तिसऱ्या सोलणाऱ्या बायांचे हात थांबले. एक जण खाकरली. एर्मिनिया तिथेच होती. तिने पदर नसतानाही पदर सावरल्यासारखे केले आणि पातेल्यात पाहू लागली.

"ही पोर लहानपणीपण अशीच," देरिवाल्दा बाकीच्यांना म्हणाली. "केक कोणी खाल्ला हे शोधायला बोटांचा वास घ्यायची." मग ती गुडघ्यांवर हात देत उठली, आत गेली आणि दूध पावडरीचे दोन मोठे डबे घेऊन आली. झाकण काढले. आत पांढऱ्या, बारीक गोळ्या होत्या, काठोकाठ.

लिंदाउराने एक गोळी उचलून निरखली.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. औषध फेकलं तर पाप लागतं, म्हणून ठेवल्या. तू येणार त्याच्या आदल्या दिवशी उरलेल्या काढून इथे आणायच्या, असं आम्ही ठरवलं. खाजणातच ठरलं."

"पण का, माई?"

"का म्हणजे? तुझा कागद खराब दिसला तर ती झोराइदे कोणाला बोलणार? आम्हाला? आमच्या पोरीला कोणी बोललेलं आम्हाला चालणार नाही."

"अहो, मग घ्यायच्या ना गोळ्या!"

यावर एर्मिनियाला वाचा फुटली. "घेऊन बघ तू एकदा. ती पाण्याची गोळी आहे. सकाळी कॉफीबरोबर घेतली की तासाभरात लघवीला लागते, आणि मग थांबतच नाही. आम्ही कमरेइतक्या चिखलात. अंगावर एकावर एक दोन विजारी, सुतळीने घट्ट बांधलेल्या. त्यात बाजूने पुरुषांच्या होड्या जातात. सहा तास! बसू कुठे? तिवराच्या फांदीवर, खेकड्यासारखी?"

सगळ्या हसल्या. लिंदाउरालाही हसू आले, आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले. एकोणीस वर्षे ती या बायांना ओळखत होती. मात्र ती नेहमी त्यांच्या घरी जाई, आणि घरी त्या कोरड्या असत.

"सकाळची ओहोटी नसते तेव्हा घेतो की," देरिवाल्दा समजुतीने म्हणाली. "अगदीच नाही असं नाही."

लिंदाउराने डबे मागितले. देरिवाल्दाने तिचे मनगट धरले.

"दाखवणार त्यांना?"

"दाखवावंच लागेल."

"तुझी नोकरी जाईल, बये. तू खोटं लिहिलंस म्हणतील."

"मी खोटंच लिहिलंय, माई. सोमवारपासून डोस दुप्पट होणार आहे. चार दिवस सुट्टी आहे म्हणून एखादीने दुप्पट गोळ्या नेमाने घेतल्या आणि पाचव्या दिवशी भर उन्हात चक्कर येऊन चिखलात पडली, पाणी चढत असताना, तर? तुम्हीच पडलात तर?"

देरिवाल्दाने मनगट सोडले.

*

बुधवारी मुद्दाम बोलावलेल्या बैठकीत लिंदाउराने दोन्ही डबे टेबलावर ठेवले आणि सांगायचे ते उभ्यानेच सांगितले. आदल्या संध्याकाळी तिने गोळ्या मोजल्या होत्या, दहा-दहांच्या ढिगांत: चार हजार दोनशे सोळा.

झोराइदेने डब्यातून मूठभर गोळ्या उचलल्या. या अभ्यासासाठी तिने दोन वर्षे अर्ज केले होते.

"सहा महिने," ती म्हणाली. "लिंदाउरा, सहा महिन्यांची मोजणी पाण्यात! तुला एकदाही शंका आली नाही?"

"आली नाही. आकडा चांगला होता, म्हणून."

डॉक्टर ओतोनिएल एक गोळी बोटांत फिरवत होते. "मलाही आली नाही," ते म्हणाले. "माणसांच्या हातून इतकी बिनचूक मोजणी कधी होते का? मी काल डोस दुप्पट करत होतो. आपण सगळेच चांगल्या आकड्यावर भाळलो."

झोराइदेने खिडकीबाहेर पाहिले. मग तिने लाल पेन पुढे सरकवले. "गोळ्यांच्या रकान्यावर रेघ मार. प्रत्येक फॉर्मवर कारण लिही आणि सही कर. रक्तदाबाचे आकडे खरे आहेत, ते राहतील. अहवालात हे सगळं जाईल, डब्यांसकट."

"आणि मी?"

"तू काय? तू सही कर. तीनशे बहात्तर आहेत, हात दुखेल."

शुक्रवारी पथक खाजणात गेले. ही कल्पना डॉक्टरांची होती आणि तिची शिक्षाही त्यांनाच झाली. विसाव्या पावलाला ते मांडीपर्यंत रुतले आणि एक बूट चिखलाने कायमचा ठेवून घेतला.

"डॉक्टर, हलू नका," एर्मिनिया ओरडली. "तिसऱ्या तुमच्याखाली आहेत, आम्ही तुमच्या भोवतीनं काढून घेतो!"

झोराइदे सहा तास बायांबरोबर राहिली. सकाळी तिने मुद्दाम ती गोळी घेतली होती. तिसऱ्या तासाला ती ओठ दाबून उभी होती, चौथ्या तासाला तिने लिंदाउराकडे पाहून कबुलीची मान हलवली.

पुढच्या आठवड्यात झोराइदेने बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणून त्यावरून सुबक कार्डे तयार केली. कोणत्या तारखेला किती वाजता गोळी, सगळे छापलेले. देरिवाल्दाने कार्ड उलटे धरून पाहिले, मग सुलटे.

"ही ओहोटी कुठली?"

"बंदराची, दोना देरिवाल्दा."

"मग बंदरातल्या बायांना द्या. आमच्या खाडीत पाणी पाऊण तास उशिरा उतरतं. आणि वारा दक्षिणेचा असला तर त्याहून उशिरा. हे कागदाला कळतं का?"

झोराइदेचा चेहरा उतरला. पण या वेळी लिंदाउराने कार्ड बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न विचारला, जो तिने सहा महिन्यांपूर्वीच विचारायला हवा होता.

"माई, खाजणातून आल्यावर घरात शिरण्याआधी तुम्ही सगळ्यात पहिलं काय करता?"

"पाय धुतो. चिखल घेऊन घरात कोण जाईल?"

"रोज?"

"रोज म्हणजे काय, प्रत्येक वेळी. माझ्या आजीपासून."

म्हणून नियम असा ठरला. सकाळची ओहोटी असेल तर पाय धुतले की गोळी. दुपारची असेल तर उठल्याबरोबर, कॉफीच्या आधी. घड्याळ नाही, तारीख नाही. गोळ्यांची पिशवी पाय धुण्याच्या बादलीजवळच्या दारात, आतल्या खिळ्याला. डॉक्टरांनी औषध तपासून होकार दिला. वेळ सरकली तरी चालेल, मात्र अंधार पडल्यावर नको, नाहीतर झोपेचे वाटोळे.

एप्रिलच्या मोजणीत तीसच घरांचा हिशोब जुळला. कोणाच्या चार उरल्या होत्या, कोणाच्या सात. लिंदाउराने ते आकडे टेबलावर ठेवताना अंग चोरले, पण झोराइदे त्यावरून बोट फिरवत हसली.

"किती घाणेरडे आकडे आहेत! यांच्यावर विश्वास ठेवता येईल."

जूनमध्ये जत्रेच्या आठवड्यात सगळेच कोलमडले. मक्याच्या पोळ्या, दारू आणि नाच यांच्यापुढे कोणाला गोळी आठवत नाही. जुलैत गाडी पुन्हा रुळावर आली. ऑगस्टमध्ये एर्मिनियाने स्वतः होऊन सांगितले, "पाच राहिल्यात. लिही पाच." असे सांगणारी ती पहिली.

मंगळवारी, १२ सप्टेंबरला शेवटची मोजणी झाली. घरभेटी टिकायला निदान बत्तीस जणी आटोक्यात यायला हव्या होत्या. लिंदाउराने यादीच्या तळाशी देरिवाल्दाचे नाव मुद्दाम ठेवले होते. मार्चमध्ये तिचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता. आता ती पाय धुऊन, केस विंचरून, खुर्चीत ताठ बसली होती. लिंदाउराने पाच मिनिटे थांबून पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. मग दुसऱ्यांदा मोजले.

"किती?"

"एकशे बेचाळीस, माई."

"आणि कितीच्या खाली लागतो?"

"एकशे चाळीस."

देरिवाल्दाने दाराकडे पाहिले. बाहेर कोणी नव्हते. "दोनच तर आहेत. एकशे अडतीस लिही. कोण बघतंय?"

लिंदाउराने पेन उचलले. तिने आकडा लिहिला आणि म्हातारीला वाचता येत नव्हते तरी फॉर्म तिच्यासमोर धरून एकेका अंकावर बोट ठेवले. "एक. चार. दोन."

"हट्टी," देरिवाल्दा म्हणाली. मग तिने तो कागद हातात घेऊन जरा दूर धरला, जणू फोटो पाहावा तसा. "पण हा माझा खरा आहे ना?"

"खराच आहे."

"मग राहू दे. पुढच्या महिन्यात ये. तेव्हा बघू कोण हट्टी ते."

लिंदाउरा केंद्रात परतली. झोराइदे आणि डॉक्टर टेबलापाशी वाट पाहत होते. तिने शेवटचा फॉर्म ओळीच्या टोकाला ठेवला. झोराइदेने ओळीच्या सुरुवातीपासून मोजायला घेतले; देरिवाल्दाचा फॉर्म आला तेव्हा तिने तो वगळला आणि खाली रेघ ओढून लिहिले:

आटोक्यात, बासष्टपैकी त्रेचाळीस.