खालच्या फळीवरची पांढरी

"मिस्त्री, कपाट बिघडलंय का?" सुपरवायझरबाईंनी मागून विचारलं.

थंडोबा दचकला. गेली वीस मिनिटं तो सुपरमार्केटमधल्या वाइनच्या फळ्यांसमोर उभा होता. अंगात कामाचा निळा डगला असल्यामुळे हा माणूस काहीतरी दुरुस्त करायला आलाय असंच कुणालाही वाटलं असतं. या दुकानातली थंड कपाटं आणि फ्रीझर सव्वीस वर्षं तोच सांभाळत होता. थंडोबा हे नावही त्यावरूनच पडलेलं. शिवाय माणूस कधी तापत नसे. बायको तर चारचौघांतही "अहो थंडोबा" म्हणूनच हाक मारायची.

"नाही, कपाट ठीक आहे. घ्यायला आलोय."

"तुम्ही?" बाईंच्या भुवया वर गेल्या. मग त्यांना आठवलं आणि त्या ओशाळल्या. "नाही, म्हणजे... दर शुक्रवारी वहिनी यायच्या ना."

"ती हिरवी बाटली कुठाय? बगळ्याचं चित्र असलेली?"

"ती यायची बंद झाली. आणि जागाही बदलल्यात. नवीन फ्रीझर आले तेव्हा स्वस्तातल्या पांढऱ्या सगळ्या इथे खाली सरकवल्या. घ्या यातली कुठलीही, सगळ्या सारख्याच."

सगळ्या सारख्याच! बायकोने हे ऐकलं असतं तर बाईंना तिथेच धरून तासभर शिकवणी घेतली असती.

त्याच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. वाइन निवडायची तिने, गार करायची त्याने. वाइन नेमकी दहा अंशांवर आणायची, आणि ते तो खिशातल्या थर्मामीटरने बघायचा. त्याहून गार केली की जीभ बधिर होते आणि वाईट वाइनही खपून जाते, हे तिचंच म्हणणं. महागड्या बाटलीत काय मोठेपणा, स्वस्तातली चांगली शोधून दाखवा, असंही ती म्हणायची. बिनरंगी काचेची बाटली ती घेत नसे, दुकानातल्या दिव्यांनी आतली वाइन मरते, चवच जाते म्हणून. साल अलीकडचं बघायची. नावाजलेल्या द्राक्षापेक्षा कुणी न ऐकलेल्या द्राक्षाची घ्यायची, म्हणजे नावाचं ओझं आपल्या खिशावर पडत नाही. सोनेरी पदकाचा स्टिकर दिसला की हसायची. "पदकं छापखान्यातही मिळतात, अहो." आणि बाटली नेहमी फळीच्या उजव्या टोकाची, मागच्या रांगेतली. घरी आल्यावर पहिला घोट घेऊन डोळे मिटायची. "हिरवं सफरचंद. आणि ओला दगड. तुम्हाला काय लागतं?"

"वाइनसारखी लागते," थंडोबा म्हणायचा.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून त्याने बाटली उघडली नव्हती.

पण या रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. मुलगी म्हणाली होती, "वाइन मी आणते, बाबा. तुम्ही नका त्रास घेऊ." त्यावर तो पटकन बोलून गेला होता, "वाइन आपल्या घरची असेल." बोलून झाल्यावर लक्षात आलं, निवडायची आता त्यालाच होती. मुलगी आठ महिने त्याच्यावर नजर ठेवून होती. सुरुवातीचे दोन महिने त्याने ब्रेड आणि चहावर काढले होते, ते तिने पाहिलं होतं. लग्न वर्षभर पुढे ढकलायचं आणि बापाजवळ येऊन राहायचं, असं तिने दोनदा बोलून दाखवलं होतं. रविवारी तिच्या आणि तिच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट ठरायची होती, हे घर एकट्याने चालतं की नाही. पोरीचं लग्न आपल्यापायी अडलं तर तोंड कुणाला दाखवायचं?

त्याने वाकून चार बाटल्या उचलल्या. कुठली चांगली ते घरी चाखून ठरवू, असं मनाशी म्हणाला.

मंगळवारी चारही उघडल्या, दहा अंशांवर आणल्या, प्रत्येकीतली दोन बोटं ओतून चाखली. काही कळेना. आधी गार, मग आंबूस, मग काहीच नाही. बुधवारी पुन्हा चाखल्या. तेच. गुरुवारी आणखी तीन आणल्या. सातवी चाखून त्याने ग्लास खाली ठेवला. सातही वाइन सारख्याच लागत होत्या. जेवणही हल्ली सारखंच लागायचं, पण ते दुःखाने असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं. आता वाटलं, आपली जीभच गेली.

शुक्रवारी संध्याकाळी तो कामावरून आला तर मुलगी आधीच आलेली. तिच्याकडे किल्ली होती. ती फ्रिजचं दार उघडं टाकून समोर उभी होती.

"बाबा, हे काय आहे?"

"वाइन."

"ते दिसतंय मला. सात बाटल्या? आणि सातही उघडलेल्या?"

"चव बघत होतो."

"चार दिवसांत सात बाटल्यांची चव? खालच्या काकू म्हणाल्या, मंगळवारी तुमची पिशवी खणखणत होती. मी म्हटलं, हत्यारं असतील."

"त्या काकूंना दुसरा उद्योग नाही."

"विषय काकूंचा नाहीये! मी रविवारी पाहुण्यांना सांगून टाकते. लग्न पुढच्या वर्षी. मी इथे येऊन राहते."

"अगं, ऐक तरी." त्याने एकेक बाटली काढून ओट्यावर रांगेत मांडली. "हे बघ. थोडी थोडीच कमी झालीय. प्यायलो असतो तर इतकी उरली असती?"

"मग उघडल्या कशाला इतक्या?"

थंडोबा ओट्याला टेकला. "मला चव कळेनाशी झालीय. तुझी आई गेल्यापासून. सातांतली एक निवडायची होती, तेवढंही जमेना. सगळ्या सारख्या लागतात. आता त्या माणसांपुढे काय ठेवू मी?"

मुलगी स्टुलावर बसली. "डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय सांगू? पांढऱ्या वाइनमधला फरक कळत नाही, गोळी द्या?"

तिला हसू आलं आणि रडूही. तिने नाक पुसलं. "ग्लास आणा. मी बघते."

पहिला घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. दुसऱ्या बाटलीतला घेतला. तिसरीतला सरळ सिंकमध्ये थुंकला.

"शी! बाबा, ही शिजवून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागते. ही पण. ही तर चार दिवसांच्या भाजीच्या पाण्यासारखी." तिने उरलेल्या चारही चाखल्या. "सगळ्या मेल्यात. सगळ्या खरंच सारख्या आहेत! तुमची जीभ ठणठणीत आहे, वाइन मेल्यात."

"असं कसं होईल? सात ठिकाणच्या सात वाइन एकदम कशा मरतील?"

"मला काय विचारता? एकाच दुकानातल्या ना?"

"एकाच फळीवरच्या," थंडोबा म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने कपाळावर हात मारला.

नवीन फ्रीझर. ते त्यानेच बसवले होते, बायको गेल्यानंतर महिन्याभराने, डोकं ठिकाणावर नसताना. त्यांची गरम हवा घोट्याच्या उंचीवर, जाळीतून बाहेर पडते. आणि त्या जाळीसमोर हातभर अंतरावर खालची फळी. सहा-सात महिने त्या बाटल्या तिथे शेकत होत्या. आणि सव्वीस वर्षं थंड-गरम करण्यात घालवलेल्या माणसाने सात बाटल्या उचलताना त्यांना हात लावून गरम की गार एवढंही पाहिलं नव्हतं. लेबलं वाचत बसला होता.

"मीच शिजवल्या," तो म्हणाला.

मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली. फार जुनी. एकदा बायकोने एकाच वाइनच्या दोन बाटल्या फळीच्या दोन टोकांवरून आणल्या होत्या. एक चांगली निघाली, दुसरी मेलेली. "असं का हो?" तिने विचारलं होतं. पेपर वाचता वाचता तो म्हणाला होता, "डावीकडे फ्रीझरचं तोंड आहे. गरम हवा मारते. उजवीकडची घे." तो सांगून विसरला होता. ती जन्मभर उजवीकडचीच घेत राहिली.

मुलगी आता मोकळेपणी हसत होती. "सात बाटल्यांचा स्वयंपाक! तोही गॅस न पेटवता!" पण जाण्याआधी तिने सातही बाटल्या एकेक करून सिंकमध्ये रिकाम्या केल्या. त्याने अडवलं नाही. दारात चपला घालताना ती म्हणाली, "रविवारचं मी अजून ठरवलेलं नाही, बाबा. मला काळजी वाटते तुमची." तिने खोटं बोलून त्याला बरं वाटू दिलं नाही, हे त्याला आवडलं. झोप मात्र लागली नाही.

शनिवारी दुकान उघडताच तो जाळीसमोर गुडघ्यांवर बसला. थर्मामीटर अडतीस दाखवत होता.

"मिस्त्री, हे बसवलेत तुम्हीच," सुपरवायझरबाई म्हणाल्या.

"म्हणून तर मीच सांगतोय. ही फळी आजच्या आज हलवा. आणि मला मागच्या गोदामातलं न उघडलेलं खोकं दाखवा."

गोदाम जाड भिंतींमुळेच गार होतं. त्याने तिथल्या प्रत्येक खोक्यावर तळहात ठेवून पाहिला. मग कुणी न ऐकलेल्या द्राक्षाची, मागच्या वर्षीची, गडद हिरव्या काचेची, फिरकीच्या बुचाची एक स्वस्त वाइन निवडली. दोन बाटल्या घेतल्या. घरी मात्र उघडायची हिंमत झाली नाही. मेलेली निघाली तर दुसरी आणायला वेळ होता. पण मेलेली की जिवंत हे आपल्याला कळलंच नाही तर?

रविवारी दुपारी व्याही आणि विहीणबाई आले. नवरा मुलगा रुग्णालयात पाळीवर होता. व्याह्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. बोलण्याच्या भरात आले की ते टेबलाखाली उजवा पाय ॲक्सिलरेटरवर असल्यासारखा दाबायचे. विहीणबाई नेमक्या बायकोच्या खुर्चीत बसल्या. मुलीचा चेहरा कसनुसा झाला. "बसा, बसा," थंडोबा म्हणाला.

भाजलेली कोंबडी, बटाटे आणि कोशिंबीर त्याने सकाळपासून राबून केली होती. कोंबडी एका बाजूने जरा करपली होती, ती बाजू त्याने स्वतःकडे ठेवली. मग वाइन ओतली. चारही ग्लासांत सारखी. तिघांनी घोट घेतला. त्याने आपल्या ग्लासाला हात लावला नाही.

"हं," व्याही म्हणाले.

या 'हं'चा अर्थ काय घ्यायचा? त्याने मुलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मग, हॉलवाला विचारतोय," व्याही म्हणाले, "तारीख पक्की कळवू ना?" टेबलाखाली पाय दाबला गेला.

मुलीने ग्लास खाली ठेवला. थंडोबाने कोशिंबिरीचं भांडं उगाच पुढे सरकवलं.

"थांबा हो जरा, मारा ब्रेक," विहीणबाई म्हणाल्या. "आधी मला हे सांगा, ही वाइन निवडली कुणी? आमच्याकडे हे चकचकीत बाटल्या आणतात आणि आम्ही आपलं औषध घ्यावं तसं घेतो. ही किती छान आहे! तू निवडलीस का गं?"

"नाही. मला त्यातलं काही कळत नाही," मुलगी म्हणाली.

मग तिघंही थंडोबाकडे बघू लागले. हा प्रश्न पाहुण्यांनी या टेबलावर अनेकदा विचारला होता, आणि दर वेळी तो हाताने शेजारच्या खुर्चीकडे दाखवायचा.

"मी," थंडोबा म्हणाला. "खालच्या फळीवरची आहे. स्वस्तातली."

"घ्या!" व्याही म्हणाले. "आणि आम्ही इतकी वर्षं वरच्या फळीवर माना मोडून घेतोय."

मुलगी बापाकडे बघत राहिली. मग तिने ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि व्याह्यांना म्हणाली, "कळवा हॉलवाल्याला. ठरली तीच तारीख."

चारच्या सुमाराला सगळे निघाले. मुलगीही त्यांच्याच गाडीतून जाणार होती, शिकवणीच्या, दोन ब्रेकच्या गाडीतून. निघताना तिने नेहमीसारखा फ्रिज उघडून पाहिला नाही, गोळ्यांचं विचारलं नाही. "येते, बाबा," एवढंच म्हणाली. जिन्यावरून तिघांचं हसणं खाली खाली गेलं आणि मग रस्त्यावरच्या आवाजांत मिसळलं.

थंडोबाने दार लावलं. त्याला हवं होतं ते सगळं झालं होतं. टेबलाशी तो आला तेव्हा त्याचा ग्लास अजून भरलेलाच होता. त्याने उभ्याउभ्याच एक घोट घेतला. वाइन एव्हाना खोलीइतकी कोमट झाली होती. तरी चांगली होती. चांगली आहे हे त्याला कळत होतं.

तो खुर्ची ओढून बसला, आणि घाई न करता त्याने ग्लास संपवला.