अकरा सेकंद

चौतीस पूर्णांक चार मिलिमीटर. फिल्मची रुंदी मी तीन ठिकाणी मोजली. तिन्ही ठिकाणी तीच आली. असायला हवी होती पस्तीस. नव्वद वर्षांत ती जवळजवळ पावणेदोन टक्के आटली होती.

"मापं घेऊन झाली असतील तर सांग," दादा प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाला. "आजीचा चेहरा कधी दिसणार?"

प्राचीन काळच्या एका राणीवरच्या त्या मूकपटाची चौदा रिळं होती. तेरा कुठेच उरली नाहीत. चौदावं आमच्या घरात राहिलं, कारण राणी झाली होती आमची आजी. साडेचार मिनिटं ती पाठमोरी उभी, समोर सैन्य. शेवटच्या अकरा सेकंदांत वळून बघते. लहानपणी आम्ही ते एकदाच पाहिलं होतं.

तो चेहरा रिळाच्या गाभ्याशी होता आणि तिथले वेढे चिकटून एकजीव झाले होते, काकवीसारखे. त्यांतून निघणारी आम्लाची वाफ बाहेरच्या वेढ्यांना खात चालली होती. गाभा कापून टाकला, तर बाकीचं वाचणार होतं. हे मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं.

"सुटत नाहीये ते," मी म्हणाले.

"तुला सोडवता येत नाहीये, असं म्हण."

"कुणालाच येणार नाही. बाबा दर महिन्याला डबा उघडून ठेवायचे. तू मेण ओतून बंद केलास."

तो आत आला. रिळाशेजारी हात आपटला.

"कुणाच्या सांगण्यावरून? कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतीस. 'हवा लागली की खराब होतं, दादा, डबा पक्का बंद कर.' बावीस वर्षं मी ते मेण फुटू दिलं नाही. शास्त्रज्ञबाईंचा शब्द!"

खरं होतं. कोंडलेल्या वाफेनंच गाभा खाल्ला होता. हे ऐकावं लागेल म्हणूनच मी तीन आठवडे नुसती मापं घेत बसले होते.

सर्वांत बाहेरच्या वेढ्यावर एक पिवळा डाग होता. काल तो नव्हता.

"आणि चेहराच नसेल, तर उरलेल्याचं काय लोणचं घालायचंय?" दादा म्हणाला. "पाठ बघायला कोण येणार?"

मी कात्री उचलली.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "चेहरा गेलाय, दादा. मी इथून कापतेय."