बुटकी रोपं

“दिवाळीत पाणी घातलंच नाहीत तुम्ही.” प्रयोग चालवणाऱ्या उत्तरा मॅडमनी मेमो पुढे सरकवला. “सही करा. आणि हे सहा ट्रे फेकून द्या.”

जानकीबाईंची कानशिलं तापली. अंधेरीच्या या संशोधन संस्थेत त्या एकोणीस वर्षं मदतनीस होत्या, दर वर्षी नव्या करारावर. दहिसरहून यायचं, थंड खोलीतल्या रोपांना पाणी द्यायचं, दर सोमवारी पट्टीने उंची मोजायची. या वेळी हिमालयातल्या स्प्रूसचे, म्हणजे सुयांसारख्या पानांच्या झाडाच्या रोपांचे, बारा ट्रे होते. सहांतली रोपं वाढतच होती. सहांतली बोटभर होऊन थांबली होती.

“दिवाळीत मी इथेच होते, मॅडम.”

“मग ही बुटकी का?”

जानकीबाईंनी ट्रे उचलून टेबलावर आदळला. “शेंडे बघा. सगळ्यांचे एकाच आठवड्यात मिटले. पाणी तुटलं असतं तर सुया पिवळ्या पडल्या असत्या. ह्या हिरव्यागार आहेत. खोडंपण जाड. बियांची पाकिटं बघितलीत तुम्ही?”

“मला शिकवू नका.”

“शिकवत नाय. बघा म्हणते.”

मॅडमनी कपाट उघडून पाकिटं काढली. उंच रोपांचं बी दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावरचं, बुटक्यांचं बत्तीसशे मीटरवरचं. वरच्या डोंगरावर थंडी लवकर येते. वाढत राहिलेलं कोवळं रोप तिथे गोठून मरतं, म्हणून तिथलं बी दिवस लहान होऊ लागताच वाढ थांबवतं. खोलीतले दिवे मॅडमनीच महिन्याभरापूर्वी कमी वेळ लावायला सांगितले होते.

“अरे वा! वरचं बी आधी थांबतं, हेच तर दाखवायचं होतं आपल्याला,” म्हणत त्यांनी फोटोसाठी मोबाईल काढला. “फेकू नका हं ट्रे.”

“आणि मेमो?”

“तो? फाडून टाका.”

“मी का फाडू?” जानकीबाईंचा आवाज चढला. “रविवारचीपण येऊन पाणी घातलंय मी. तुम्ही पाकीट न बघता मला कामचुकार ठरवलंत. ऑफिसात कॉपी गेलीय ना? मग लिहून द्या, चूक माझी नव्हती.”

“तुमचा करार मार्चमध्ये संपतोय, जानकीबाई.”

“संपू दे. आधी लिहा.”

मॅडमनी खुर्ची ओढली. चार ओळी खरडल्या. “बसा ना,” त्या म्हणाल्या.

जानकीबाई बसल्या नाहीत. प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

“आडनाव चुकलंय,” त्या म्हणाल्या. “परब नाही. परुळेकर.”